करारात सल्लागार, कामात नोकर

सोलापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या कंपनीने इंजिनिअरिंगच्या कामासाठी तुला पाठवलेला करार काल रात्री दोनदा वाचला. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘सल्लागार ही कंपनीची कर्मचारी नाही.’ आणि चौथ्या पानावर काय? सकाळी साडेनऊला लॉगिन, रजेला मॅनेजरची परवानगी, लॅपटॉप कंपनीचा, महिन्याला ठरलेली रक्कम, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. म्हणजे घरी बसून नोकरीच, फक्त पीएफ नाही आणि भरपगारी रजा नाही.

‘काका, 10 टक्केच टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) आणि निम्म्याच रकमेवर कर, फायदाच ना?’ असं तू विचारलंस. इंजिनिअरची वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम नफा धरून विवरणपत्र भरता येतं, हे खरं. पण ती सोय व्यवसायाला आहे, पगाराला नाही. उद्या अधिकाऱ्याने हे पैसे पगार ठरवले तर निम्म्याचा हिशेब मोडला, फरकाचा कर आणि व्याज तुझ्या गळ्यात. 1 एप्रिल 2026पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे आकडे बदलले. पगार आणि फी यांतला भेद मात्र कायम आहे.

हा भेद नुसत्या नावावरून ठरत नाही. 1973 साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला आला होता. शिंप्यांना नगावर मजुरी, दिवसभर थांबायची सक्ती नाही, काही जण कापड घरीही न्यायचे. तरी न्यायालयाने त्यांना नोकर मानलं. का, तर बहुतेक मशिनं दुकानाची आणि शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवून घ्यायचा हक्क मालकाचा. खटला दुकान कायद्याचा होता, कराचा नव्हे, पण नोकर ओळखायची नजर तीच. आपल्याकडे युनिफॉर्मच्या कारखान्यात जाऊन बघ, कोण कुणाच्या मशिनवर बसलंय ते दारातूनच कळतं.

मी हे भोगलंय म्हणून इतकं लिहितोय. तरुणपणी एका सूत व्यापाऱ्याकडे 11 वर्षं वह्या लिहिल्या. दहा ते सात, दुकानाची किल्ली माझ्या कमरेला. पण माझं नाव हजेरीपटात कधी आलं नाही. दर महिन्याला व्हाउचरवर ‘हिशेब लेखन फी’ आणि खाली माझी सही. काम सुटलं तेव्हा ग्रॅच्युइटी मागायला गेलो, तर त्याच व्हाउचरांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सगळ्यांवर माझंच अक्षर होतं.

म्हणून कंपनीला सरळ विचार. सल्लागार हवी असेल तर दुसरी कामं न घेण्याची अट खोडा, पैसे ड्रॉइंगप्रमाणे किंवा टप्प्याप्रमाणे द्या, वेळ माझी, लॅपटॉप माझा, चूक निघाली तर माझ्या खर्चाने दुरुस्त करीन, गरज पडली तर मदतनीस माझा मी लावीन. आणि कागदावर आलं की वागणंही तसंच ठेव. स्वतःच्या नावाचं, क्रमांक घातलेलं बिल दर वेळी द्यायचं. रजेची परवानगी मागायची नाही, ‘या तारखांना उपलब्ध नाही’ एवढंच कळवायचं. सोलापुरातल्याच एखाद्या बिल्डरचं छोटं काम घे. दुसरा ग्राहक असणं हा फार बोलका पुरावा असतो. जमा 20 लाखांच्या पुढे जायला लागली की जीएसटीची नोंदणी करावी लागेल, ते तेव्हा पाहू.

यातलं काहीच मान्य नसेल तर त्यांच्याकडे नेमणूकपत्र माग. नोकरीत कमीपणा नाही. पीएफ सुरू होईल, कर पगारातून कापला जाईल, तुझी झोप शाबूत राहील.

मागच्या वर्षीचं 26एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, काढ आणि त्यात तुझा टीडीएस कोणत्या कलमाखाली, पगाराच्या की फीच्या, दिसतो ते बघून ठेव. रविवारी नवी पेठेत ऑफिसवर ये, करार छापून आण, एका बाजूला कोरी जागा सोडून. तोवर सही करू नकोस.

तुझा
काका