कोकणातल्या गाडीला ‘फ्रीज प्लग’ कशाला?

देवगडच्या एका वाचकांची टर्बो गाडी कोल्हापूरला जाताना करूळ घाटात तापली आणि खाली हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सांडलं. मेकॅनिक म्हणाला, ‘फ्रीज प्लग फेल झालाय.’ त्यांनी विचारलंय की ऐन पौषातही जिथे पाणी गोठत नाही, तिथे हा फ्रीज प्लग कशासाठी? आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

ते नावच फसवं आहे. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य ओतीव भाग, ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. घाटमाथ्यावर, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्र्यांमध्ये हे काम रोज चालतं. गाभ्याला आधार द्यायला आणि ओतकामानंतर वाळू बाहेर काढायला ब्लॉकच्या भिंतीत गोल भोकं राहतात. ती नंतर पत्र्याची छोटी वाटी ठोकून बंद करतात. म्हणून खरं नाव कोअर प्लग, म्हणजे गाभ्याच्या भोकाचा प्लग. ‘वेल्च प्लग’ हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिशिगनमध्ये मोटारी बनवणाऱ्या वेल्च बंधूंवरून आलं. थंड देशांत पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगतं, तेव्हा कधीकधी ही वाटी बाहेर ढकलली जाते. त्यावरून ती गोठणाऱ्या पाण्यापासून ब्लॉक वाचवायलाच बसवलेली असते, असा समज झाला. प्रत्यक्षात वाटी जागेवर राहून ब्लॉकलाच तडा जातो, असंही पुष्कळदा होतं.

किनाऱ्यावर या नावाने नुकसान होतं, म्हणून मी इतकं सांगतोय. ‘अँटिफ्रीझ’ (कूलंटचंच दुसरं नाव) आणि ‘फ्रीज प्लग’ ऐकलं की माणूस म्हणतो, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? मग रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी जातं, आणि खाडीकाठच्या गावात ते बहुतेक मचूळच असतं. त्यातला क्लोराइड लोखंडाला सोडत नाही. कूलंट गोठणं टाळतं तसंच ते उकळणंही लांबवतं आणि गंजही रोखतं. आपल्याला त्यातली शेवटची दोन कामं हवी आहेत. ब्लॉकच्या जाड भिंतीला गंजाने फारसं काही होत नाही, पण वाटीचा पातळ पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरून दिसेपर्यंत भोक पडलेलं असतं.

आता मराठी शब्द. नुसतं ‘प्लग गेला’ म्हटलं तर प्रत्येक जण स्पार्क प्लगच समजेल. ‘झाकण’ वर बसतं, ‘बोळा’ चिंधीचा असतो, आणि ‘दट्ट्या’ शाळेच्या विज्ञानात पिस्टनला दिलाय, म्हणजे तो इंजिनात आधीच कामाला आहे. उरतं ‘बूच’. भोकाच्या आत घट्ट बसणारं आणि केवळ त्या घट्टपणावर टिकणारं, ही त्याची ओळख इथे तंतोतंत लागू पडते. छोट्या होड्यांच्या तळाचं पाणी सोडायच्या भोकालाही बूचच असतं, त्यामुळे किनाऱ्यावर तो परका वाटणार नाही. ‘पाण्याचं बूच’ म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते बूच, अनेकवचनी बुचं, आणि ‘बुचाला’, ‘बुचातून’.

मात्र या प्रश्नात मला नामापेक्षा क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘फेल झालं’ म्हटल्याने काहीच कळत नाही. मराठीत यासाठी वेगवेगळी क्रियापदं तयार आहेत. कडेने ओल येते आणि सुकलेल्या कूलंटचा डाग दिसतो, तेव्हा बूच *पाझरतं*. गंजून भोक पडलं की *गळतं*. अख्खंच जागेवरून सुटलं की *निखळतं*. दाबाने बाहेर फेकलं गेलं तर *उडतं*.

जोरकस इंजिनांत हा फरक जिवावरचा असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या भोकातलं पोलादी बूच गरम इंजिनात सैल पडू शकतं. त्यात टर्बोची उष्णता आणि बंद यंत्रणेतला दाब. शर्यतीच्या इंजिनांत काही जण आट्यांची बुचं बसवतात ती यामुळेच. बुचाचंच भावंड म्हणावं असं उदाहरण पोर्श या जर्मन स्पोर्ट्स कार कंपनीचं आहे. 996 आणि 997 पिढीतल्या 911 जीटी3 आणि टर्बो गाड्यांत कूलंटच्या नळ्यांची तोंडं ॲल्युमिनियमच्या भागांत चिकटद्रव्याने बसवलेली होती. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते चिकटद्रव्य कमजोर होतं आणि एखादं तोंड चालत्या गाडीत निखळतं. इंजिन मागे असल्याने सगळं कूलंट मागच्या टायरांखाली येतं आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून जाणकार ती तोंडं वेल्ड करून किंवा पिन मारून पक्की करून घेतात. इथे ‘गळती झाली’ म्हणणं अपुरं आहे, *निखळलं* हाच शब्द हवा.

तेव्हा देवगडच्या वाचकांनी मेकॅनिकला विचारावं, ‘बूच पाझरत होतं, गळलं की निखळलं?’ गंजून गळलं असेल तर बाकीचीही त्याच वयाची आहेत, ती सगळी तपासावीत. गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हातीच लागत नाही, म्हणून एकदा उतरवला की तेही बदलून घ्यावं. पितळेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं मिळालं तर आपल्या हवेत ते घेणं बरं. दुकानात मात्र ‘कोअर प्लग’ किंवा ‘वेल्च प्लग’ म्हणूनच मागा आणि भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या.