वाचकांचे प्रश्न : मिरीचा अर्क आणि प्लेटवरचे ठिपके

प्रश्न : वाशीच्या मसाला बाजारातल्या काळ्या मिरीचा इथेनॉलमध्ये अर्क काढून एम्स चाचणी (पदार्थाने जिवाणूंच्या जनुकांत बदल होतो का ते पाहणारी) केली. टीए९८ या जिवाणू-वाणाच्या कंट्रोल, म्हणजे अर्क न घातलेल्या प्लेटवर जिवाणूंच्या ३० वसाहती आल्या, ५ मिलिग्रॅमच्या प्लेटवर ८५. खालच्या डोसना फरक नाही. एस९ (यकृतातल्या एन्झाइमांचा अर्क) घालून आणि न घालता निकाल तोच. मिरीने जनुकांना इजा होते असे प्रबंधात लिहू का? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : एवढ्यावरून मुळीच लिहू नका. या चाचणीतले साल्मोनेला जिवाणू वाढीला लागणारे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू शकत नाहीत. उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकातल्या बदलाने, ती क्षमता परत आली की वसाहत वाढते. पण वनस्पतीच्या अर्कात हिस्टिडीन आयतेच असू शकते. जिवाणूंना बाहेरून खुराक मिळाला की उत्परिवर्तन न होताही आकडा फुगतो.

म्हणून आधी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरा आणि वसाहतींच्या मधली जागा पाहा. तिथे धुरकट, एकसारखा पातळ थर दिसायला हवा; प्लेटमध्ये मुद्दाम घातलेल्या किंचित हिस्टिडीनवर जिवाणू तेवढे वाढतात. तो कंट्रोलपेक्षा दाट असेल तर हिस्टिडीनचा संशय घ्या. विरळ झाला असेल किंवा नाहीसाच झाला असेल तर अर्काने जिवाणू मारले आहेत. अशा प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. वाचलेल्या थोड्या जिवाणूंना उरलेले सगळे हिस्टिडीन मिळाल्याने ते वाढलेले असतात. ते मोजले की चाचणी फसलीच. खात्री करायची तर दहा-बारा वसाहती उचलून हिस्टिडीन नसलेल्या, पण बायोटिन हे जीवनसत्त्व घातलेल्या मिनिमल अगारवर (मोजकीच पोषके असलेल्या माध्यमावर) रेघा ओढा. ज्या वाढतील त्याच खऱ्या.

दाट थर दिसला तर पद्धत बदला : जिवाणू द्रवात अर्कासोबत ठेवा, सेंट्रिफ्यूज करून धुवा आणि मगच टॉप अगारमध्ये (प्लेटवर ओतायच्या पातळ थरात) मिसळा. शिवाय ५ मिलिग्रॅम आणि त्याच्या लगतचा खालचा डोस यांच्या मधले डोस घ्या, प्रत्येकी तीन प्लेट. डोसबरोबर आकडा चढत गेला आणि दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगातही तसेच दिसले, तरच गांभीर्याने घ्या. क्वेर्सेटिनसारखी वनस्पतींतली फ्लॅवोनॉइड्स (नैसर्गिक रसायनांचा एक गट) टीए९८ मध्ये खरोखर पॉझिटिव्ह येतात, हेही ध्यानात असू द्या.

मालाची ओळखही पटवा. बाजारातल्या मिरीत पपईच्या बिया मिसळलेल्या सापडतात. पावसाळ्यात दमट गोदामात पडलेल्या मालावर बुरशी चढते, आणि बुरशीचे अफ्लाटॉक्सिन बी१ हे विष एस९ घातल्यावर जोरदार पॉझिटिव्ह येते. तुमचा आकडा एस९शिवायही तेवढाच वाढला, म्हणजे एकट्या अफ्लाटॉक्सिनवर खापर फोडता येणार नाही. तरी ते तपासून घ्या. पुढच्या वेळी पानाफळांसकट फांदी आणा आणि सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून) ओळख पटवून घ्या. नुसत्या दाण्यांवरून ते काम नीट होत नाही.

प्रश्न : विड्याचे पान मिरीच्याच कुळातले. त्याचा अर्क एम्समध्ये निगेटिव्ह आला, तर आणखी चाचण्या हव्यात का? — संशोधक, विलेपार्ले

उत्तर : हव्यातच. पानाच्या काही जातींच्या तेलात सॅफ्रोल हे सुगंधी रसायन असते. यकृतात सल्फोट्रान्सफरेज या एन्झाइममुळे ते डीएनएला चिकटणारे रूप घेते, पण नेहमीच्या एस९ मिक्समध्ये त्या एन्झाइमला लागणारा सहघटक नसतो. त्यामुळे सॅफ्रोल एम्समधून सहज निसटते. उंदराच्या अस्थिमज्जेतली मायक्रोन्यूक्लियस चाचणी करा (तुटलेल्या गुणसूत्रांचे तुकडे पेशीत शोधायची; प्रत्येक प्राण्यामागे किमान ४००० तरुण लाल पेशी तपासाव्या लागतात), पण यकृतातली इजा तिच्यातूनही निसटू शकते. म्हणून यकृताच्या पेशींवरची कॉमेट चाचणी (डीएनएचे तुटणे दाखवणारी) सोबत करा. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी घ्या. आणि तेलातल्या सॅफ्रोलचे प्रमाण जीसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) सुरुवातीलाच मोजा, पुढचे डोस त्यावरून ठरवता येतील.

प्रश्न : मिरीच्या अर्काच्या कॅप्सूलवर ‘एलडी५० २००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त’ असे छापले आहे. बाबांना फिट्सची फेनिटॉइन चालू आहे. द्यावी का? — वाचक, लालबाग

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. एलडी५० म्हणजे ज्याने निम्मे प्राणी मरतात तो डोस. तो आकडा प्रयोगशाळेतल्या उंदरांना शरीराच्या दर किलो वजनामागे एकदाच दिलेल्या डोसचा आहे आणि त्यांच्यावर साधारण १४ दिवस नजर ठेवलेली असते. रोज घेतल्यास काय होते हे २८ किंवा ९० दिवसांच्या चाचणीतून कळते, आणि औषधांशी होणारा झगडा त्यातही दिसत नाही. मिरीला तिखटपणा देणारे पायपरीन औषधे निकामी करणारी एन्झाइम्स मंदावते. फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण त्याने वाढू शकते, मग चक्कर, तोल जाणे, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे सुरू होते. आमटीतल्या चिमूटभर मिरीची चिंता करू नका, अर्कात पायपरीन एकवटलेले असते. डॉक्टरांकडे जाताना बाटलीच घेऊन जा. त्यांना एका कॅप्सूलमधले पायपरीन किती मिलिग्रॅम आहे, ते हवे असते.