दोन रकान्यांच्या फॉर्ममध्ये टॅब दाबला की कर्सर भलतीकडेच जातो, क्रम आपल्याला हवा तसा कसा लावायचा?

तुम्ही लिहिलंय की डावीकडे अर्जदाराची माहिती आहे, उजवीकडे बँकेची, आणि टॅब दाबला की कर्सर नावावरून थेट खाते क्रमांकावर जातो आणि मग परत डावीकडे आडनावावर येतो. शिवाय एंटरने पुढच्या फील्डवर जायला हवं तर फॉर्मच सबमिट होतो. दोन्ही गोष्टी नीट करता येतात, फक्त टॅबइंडेक्सला (फील्डचा टॅबमधला क्रम ठरवणारी एचटीएमएलची सेटिंग) 1, 2, 3 असे नंबर देत बसू नका, बहुतेक जण पहिल्यांदा तेच करतात.

स्क्रीनवर काय कुठे दिसतंय ते ब्राउझर बघतच नाही, एचटीएमएलमध्ये फील्ड ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने तो चालतो. तुमचा फॉर्म बहुधा टेबलमध्ये बसवलाय, एकाच ओळीत नाव आणि खाते क्रमांक, म्हणून तो आडवा जातोय. डावीकडचे सगळे फील्ड एका डिव्हमध्ये (एचटीएमएलचा साधा डबा) एकाखाली एक लिहा, उजवीकडचे दुसऱ्या डिव्हमध्ये, आणि दोन्ही डिव्ह सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) ग्रिडने शेजारीशेजारी ठेवा, काम झालं. सीएसएसच्याच ऑर्डर या सेटिंगने जागा बदलाल तर दिसायला बदलेल पण टॅब जुन्याच वाटेने जाईल.

नंबर का नकोत ते सांगतो, कारण मी हे भोगलंय. एका मोठ्या फॉर्ममध्ये आम्ही प्रत्येक फील्डला नंबर दिले होते, नंतर कुणीतरी मध्ये 'मधलं नाव' हे फील्ड घातलं आणि त्याला नंबर द्यायचा राहिला. नियम असा आहे की नंबरवाले फील्ड आधी, बिननंबरवाले सगळे त्यानंतर. एंट्री करणाऱ्या बाईंची नजर कागदावर, बोटं न बघता चालतात, नाव, टॅब, मधलं नाव, टॅब, आडनाव, टॅब... आणि मधलं नाव गेलं आडनावात, आडनाव गेलं आईच्या नावात. सगळे टेक्स्टचेच फील्ड, त्यामुळे एरर कुठेच आली नाही आणि चूक कळेपर्यंत बऱ्याच नोंदी झाल्या होत्या. त्या सगळ्या कागद समोर घेऊन परत तपासाव्या लागल्या, त्याही त्याच बाईंना, ज्यांची यात काहीच चूक नव्हती.

टॅबइंडेक्सच्या दोनच किमती कामाच्या आहेत. 0 म्हणजे जी गोष्ट मुळात फोकस घेत नाही, म्हणजे जिच्यावर टॅबने जाता येत नाही (समजा डिव्हने बनवलेला ड्रॉपडाउन) तिला तिच्या जागेवरच रांगेत घेणं, आणि -1 म्हणजे रांगेतून बाहेर काढणं. तारखेशेजारच्या कॅलेंडर आयकॉनला -1 दिलं की प्रत्येक तारखेमागे एक टॅब वाचतो, पण मग तारीख हाताने टाईप करता आलीच पाहिजे, नाहीतर ज्यांना माऊस वापरता येत नाही ते तिथेच अडकतात. आपोआप येणारी बेरीज वगैरे असेल तर रीडओन्ली (फक्त वाचता येतं, बदलता येत नाही) आणि -1 दोन्ही द्या, कारण नुसत्या रीडओन्लीवर टॅब थांबतोच आणि डिसेबल्ड (पूर्ण बंद) केलं तर थांबत नाही पण त्याची किंमत सबमिटमध्ये जातच नाही.

आता एंटर. जावास्क्रिप्टमध्ये फॉर्मवर कीडाउन (बटण दाबल्याचा इव्हेंट) पकडा, दाबलेलं बटण एंटर असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट करून (म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती, इथे सबमिट, थांबवून) पुढच्या फील्डला फोकस द्या, मात्र टेक्स्टएरिया (अनेक ओळींचं फील्ड) आणि बटणं यातून वगळा, नाहीतर पत्त्यात नवीन ओळ घेता येणार नाही आणि सबमिट बटणावर एंटर चालणार नाही. अजून एक, इव्हेंटचं इझकंपोझिंग (शब्द अजून टाईप होतोय का ते सांगणारी खूण) ट्रू असेल तर काहीही करू नका, कारण देवनागरी टाईप करताना बरेच जण सुचवलेला शब्द एंटरनेच निवडतात आणि तिथे कर्सर पळाला तर शब्द अर्धवट राहू शकतो. टॅबला अजिबात हात लावू नका, एंटर ही जास्तीची सोय. मोबाईलसाठी फील्डच्या एंटरकीहिंट या सेटिंगला नेक्स्ट द्या, म्हणजे कीबोर्डवर तसं बटण दिसेल.

दहा आकडे भरले की आपोआप पुढे उडी, हे मला विचाराल तर नकोच. ज्याला टॅब दाबायची सवय आहे तो सवयीने दाबतोच आणि एक फील्ड सुटतं.

पुढेमागे पीडीएफ फॉर्म करायचा झाला तर ॲक्रोबॅटमध्ये पानाच्या प्रॉपर्टीजमध्ये टॅब ऑर्डर मिळते, ओळीने किंवा रकान्याने. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये फॉर्मच्या डिझाईन व्ह्यूत टॅब ऑर्डरची खिडकी आहे, पण तिथलं ऑटो ऑर्डर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जातं, म्हणून दोन रकाने असतील तर ओळी ओढून हाताने लावा.

झालं की माऊस बाजूला ठेवून एक खरा भरलेला कागद समोर घ्या आणि पूर्ण फॉर्म भरा, मग शिफ्ट टॅबने उलटे मागे या. आणि डिझायनर म्हणाला की फोकसची ती निळी चौकट वाईट दिसते, काढून टाकू, तर हवा तो रंग द्या पण काढू देऊ नका, कागदावरून नजर वर आली की आपण कुठे आहोत ते त्या चौकटीवरूनच कळतं.