चमचाभर पारा आणि गुणाकार-भागाकाराचा घोळ

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे सूत्र तिला पाठ आहे आणि ते लक्षात ठेवण्याचा त्रिकोणही ती वहीच्या कोपऱ्यात काढते. तरीही गुणायचे की भागायचे, हे हमखास चुकते. ‘पाऱ्याची घनता 13.6 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, तर 68 ग्रॅम पाऱ्याचे आकारमान किती?’ याचे उत्तर तिने 924.8 घन सेंटिमीटर काढले. तिला कसे समजावून सांगावे?
— एक पालक, सांगली

उत्तर : तो त्रिकोण काही दिवस बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. कोणते अक्षर कोठे बसते एवढेच तो सांगतो, 13.6 या आकड्याचा अर्थ सांगत नाही, आणि मुलीची गाडी नेमकी तिथेच अडली आहे. घनता हा एक प्रकारचा दर आहे. तांदूळ 60 रुपये किलो असेल, तर 300 रुपयांत किती येईल, हे ती सूत्र न आठवता सांगेल. त्याच रीतीने ‘पारा घन सेंटिमीटरला 13.6 ग्रॅम’ असे तिने मोठ्याने वाचले, की 68 ग्रॅममध्ये 13.6 किती वेळा बसतात, एवढाच प्रश्न उरतो. उत्तर 5 घन सेंटिमीटर, म्हणजेच 5 मिलिलिटर. औषधाचा एक लहान चमचा. याउलट 924.8 घन सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ लिटरभर पारा, ज्याचे वस्तुमान साडेबारा किलोच्या वर भरेल. गणितात तर तो जेमतेम 68 ग्रॅम दिलेला आहे.

दुसरी सवय एककांची. ती शेवटी उत्तराला चिकटवायची नसतात, तर प्रत्येक पायरीवर आकड्याबरोबर लिहायची असतात. तसे केले असते, तर गुणाकारात ‘ग्रॅमचा वर्ग’ असे विचित्र एकक आले असते आणि चूक कागदावरच दिसली असती. घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये दिली असेल, तर 1000 ने भागून ती ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आणता येते. कारण एका घनमीटरमध्ये 10 लाख घन सेंटिमीटर असतात, तर एका किलोत ग्रॅम 1000च.

घरातील तेलाची पिशवीही तिच्या हातात द्यावी. 1 लिटर, 910 ग्रॅम असे दोन्ही आकडे तीवर छापलेले असतील, तर त्यांतून 0.91 ही घनता तिला स्वतः काढता येईल, आणि तेल पाण्यावर का तरंगते हेही त्यातच आले. तेल तापले की प्रसरण पावते, त्यामुळे तेवढ्याच लिटरमध्ये ग्रॅम कमी भरतात. म्हणून तर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेल उत्पादकांना पिशवीवर तापमानाचा उल्लेख न करता आकारमानासोबत वजनही छापण्यास सांगितले.

वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूचे आकारमान मात्र मोजपट्टीने निघत नाही. समजा, लोखंडी बोल्टचे वस्तुमान 47.4 ग्रॅम आहे आणि मोजपात्रात 30.0 मिलिलिटर पाणी आहे. बोल्ट दोऱ्याने अलगद सोडल्यावर पातळी 36.0 वर गेली. येथे पुष्कळ मुले 47.4 ला 36.0 ने भागून मोकळी होतात. वास्तविक बोल्टने व्यापलेली जागा फक्त 6.0 मिलिलिटर आहे. आट्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकले असतील तर पात्राला हलकेच टिचकी मारावी, नाहीतर ती हवाही आकारमानात मोजली जाते. आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा सर्वांत खालचा बिंदू डोळ्यांच्या रेषेत आणून वाचन घ्यावे. भागाकार 7.9 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येतो, जो लोखंडाच्या घनतेशी जुळतो. तो 7.9 असाच लिहावा; 7.900 लिहिण्याइतके बारीक मोजमाप त्या मोजपात्राने केलेलेच नसते.