आधी कान-डोळे परत द्या, मग 'गोंधळल्यात' म्हणा

ताई, 'आई मान फिरवून भिंतीकडं बघत बसते' हे तुमचं वाक्य वाचलं आणि पुढचं वाचायला पाच मिनिटं लागली. आई आयसीयूत, श्वासासाठी गळ्याला नळी, ओठ हलतात पण कळत नाही, वही दिली तर नुसत्या रेघोट्या, आणि सिस्टर म्हणतात 'गोंधळल्यात'. आमच्या आबांचं अगदी हेच झालं होतं.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरातल्या एका आयसीयूबाहेर 26 दिवस बाकड्यावर काढलेत, तेवढाच काय तो अधिकार. नळी असताना आवाज का फुटत नाही वगैरे तुम्हाला सांगितलं असेलच, ते सोडतो.

पहिला प्रश्न: आईंचा चष्मा कुठं आहे? ऐकायला कमी येतं का? कवळी आहे का?

आबांना दहा वर्षांपासून कानाचं मशीन. दाखल करताना काउंटरवर एका कागदावर सही घेतली आणि अंगठी, घड्याळ, चष्मा, मशीन असं सगळं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. 'आतल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही.' मी शहाण्यासारखा ती पिशवी घरी नेऊन कपाटात कुलपात ठेवली. अकरा दिवस! गुंगी कमी केल्यावर डॉक्टर विचारायचे, 'आबा, दुखतंय का?' ते काहीच करायचे नाहीत, नाहीतर भलत्याच वेळी मान हलवायचे. मास्क लावलेला माणूस काय बोलतोय हे त्यांना ना ऐकू येत होतं, ना ओठांवरून कळत होतं. कागदावर नोंद झाली, गोंधळलेले. नळी ओढतात म्हणून हात बांधले. रात्री तडफडतात म्हणून पुन्हा गुंगीचं औषध. मी बाहेर बसून 'वयामुळं असंल' म्हणत होतो.

आता हेही सांगतो, की आयसीयूत भ्रम खरोखर होतो आणि आबांनाही होताच. पंचगंगेचं पाणी घरात शिरलंय आणि आपल्याला नावेत बांधून कुठंतरी नेतायत, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी चार महिन्यांनी सांगितलं. त्यामुळं सगळं मशीनमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण आधीच भ्रमात असलेल्या माणसाचे कान आणि डोळे आपण काढून घेतले, हे मला आजही सहन होत नाही.

सुचलं ते एका रात्रपाळीच्या सिस्टरला. तिनं स्टेथोस्कोप आबांच्या कानात घातला आणि पुढच्या चकतीत हळू आवाजात विचारलं, 'आबा, ऐकू येतंय?' आबांनी डोळे मोठ्ठे केले. मी पहाटे साडेपाचला घरी जाऊन पिशवी आणली. (मशीनच्या डबीवर नाव लिहा, सेल जादा ठेवा, एमआरआयला नेताना काढायला सांगा.)

मग मी अक्षरांचा तक्ता केला. बाजारात मिळतो तो बाराखडीचा नको, त्यात बोट फिरवेपर्यंत माणूस दमतो. हाताला ताकद नसते म्हणून तर रेघोट्या येतात. शाळेतले वर्ग वापरा: क, च, ट, त, प अशा पाच ओळी, खाली य-र-ल-व. आपण ओळ विचारायची, होय असेल तर आईंनी एकदा डोळे मिटायचे. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक. काना-मात्रा सोडून द्या. होय-नाहीची खूण एकच ठेवा आणि उशाशी लिहून लावा, नाहीतर दुपारची सिस्टर वेगळीच खूण शिकवते.

आबांचा पहिला शब्द: प, ठ. मी विचारलं, 'पेठ? शिवाजी पेठ? मंगळवार पेठ?' आबांनी असे डोळे वटारले की, लई दिवसांनी मला त्यांची शिवी ऐकू आली. मग एक खांदा जरा उचलला. पाठ! खाली चादरीची जाड घडी होती, कातडी लाल झाली होती. कूस बदलली तसे शांत झोपले, हात सोडलेले असूनही.

बोलण्याच्या झडपेबद्दल तुम्ही विचारलंय. ती नळीच्या तोंडावर बसते, श्वास आत घेऊ देते, पण बाहेर पडताना स्वरतंतूंवरून वर पाठवते, म्हणून आवाज फुटतो. गळ्यातल्या नळीभोवती श्वासनलिका बंद करणारा फुगा असतो, तो रिकामा केल्याशिवाय ती लावली तर श्वास बाहेर सोडायला वाटच राहत नाही. ते डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्टचं काम. व्हिडिओ बघून भोकावर बोट ठेवायचा प्रयोग कृपा करून करू नका. आणि नळी निघाल्यावर गिळण्याची तपासणी होईपर्यंत काही पाजू नका. आमच्या मावशी ताकदीसाठी थर्मासमधून पांढरा रस्सा घेऊन आल्या होत्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. अजून बोलत नाहीत माझ्याशी.

नंतरचं थोडक्यात. आवाज बसलेलाच राहिला तर 'येईल हळूहळू' ऐकत थांबू नका, दोन-तीन आठवड्यांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. आम्ही तीन महिने घालवले. आणि बँक! एका बँकेनं सही जुळत नाही म्हणून तीनदा परत पाठवलं, फोनवर म्हणे आवाज नीट येत नाही. माणूस समोर खुर्चीवर बसलाय, तरी! सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी लागतो. हे त्यांनी सांगितलं नाही, मला शोधून काढावं लागलं.

रोज चार ओळी वहीत लिहून ठेवा, आज काय झालं, कोण आलं. आबा पुढं वही उघडून विचारायचे, 'नाव कुठल्या दिवशी आली रं?'

संध्याकाळच्या भेटीला जाताना चष्मा पुसून न्या. नंबर जुना असला तरी चालेल. आत घेऊ देत नाहीत म्हणाले तर काउंटरवाल्याशी वाद घालू नका, थेट आयसीयूच्या डॉक्टरांना सांगा. मला तेवढं अकरा दिवस सुचलं नाही.