कपाळाच्या कातडीचं नाक आणि पुण्याजवळचा वीटवाला

प्रश्न असा आहे: "अठराव्या शतकात युरोपात जे नवं विज्ञान उभं राहिलं, त्यात आपल्याकडच्या ज्ञानाचा खरंच काही वाटा होता, की हे आपणच फुगवून सांगतो?"

होता. आणि तो त्यांच्याच मासिकात छापलेला आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात बी. एल. एवढ्याच सहीचं एक पत्र आहे. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिगत आहे. मराठा, शेती करणाऱ्या जातीचा, असं लिहिलंय, म्हणजे आपला कुणबीच. इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात तोडला. वर्षभराहून जास्त तो बिननाकाचा राहिला, मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. त्या माणसाचं नाव पत्रात नाही. जात तेवढी आहे: वीटवाला.

आम्ही कुंभार. वडिलांची वीटभट्टी होती. नर्सिंगला असताना एका सरांनी शिकवलं होतं की नाकाची ही शस्त्रक्रिया १८१४ मध्ये लंडनला कार्प्यू या सर्जनने केली. आपल्याकडे कुंभार-न्हावी असलं काहीतरी करायचे, पण ते शास्त्र नव्हे. वर्ग हसला. मी मान खाली घालून वहीत १८१४ लिहून घेतलं. ते हसणं मी विसरलेले नाही.

पुढे बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. एकदा नवऱ्याने नाक कापलेली एक बाई टेबलावर होती. आमच्या सर्जनबाईंनी टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाची चंदेरी फॉइल मागितली, नाकाच्या जागेवर दाबून आकार घेतला, ती सपाट केली, बाईच्या कपाळावर उलटी ठेवली आणि भोवती शाईने रेघ मारली. माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याच महिन्यात मी ते १७९४ चं पत्र वाचलं होतं. त्यात फॉइलच्या जागी मेणाचा पातळ पत्रा आहे. बाकी सगळं तेच. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची. रक्तपुरवठा तिथूनच होतो. मग कातडीला पिळा देऊन ती खाली आणायची आणि नाकाच्या कडांना चीर पाडून तिच्यात बसवायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला काथ फडक्याच्या पट्ट्यांवर लावून त्या एकावर एक चिकटवायच्या, चार दिवसांनी काढून तुपात भिजवलेलं फडकं ठेवायचं. ती मधली पट्टी सुमारे २५व्या दिवशी कापायची.

त्या रविवारी मी वडिलांना पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ओल्या मातीला पिळा दिला की ती चिरते. त्याने कातडी कशी सांभाळली असेल गं?" थोड्या वेळाने विचारलं, "आणि नाव काय त्याचं?"

मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज सर्जनांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. जेम्स वेल्सने, ज्याने सवाई माधवरावांना रंगवलं त्यानेच, कावसजीचं चित्र काढलं. पण ज्याने नाक केलं त्याचं नाव विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

आता माझ्या दिरांचं ऐका. त्यांचं म्हणणं, यात नवल काय, हे सगळं सुश्रुताने लिहून ठेवलंय. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी घ्यायला सांगितलंय. कपाळाची नव्हे. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी कपाळ वापरून पाहिलं, ते जमवलं, आणि बापाने मुलाला हाताला हात लावून शिकवलं. ती माणसं वैद्य नव्हती. सुश्रुताचं नाव घेतलं की सगळ्यांना बरं वाटतं, वीटवाल्याचं घेतलं की गप्प होतात. सरांचा आणि दिरांचा दोष मला एकच दिसतो.

देवी रोगाच्या टोचणीचंही असंच. १७२१ मध्ये लंडनमध्ये ती तुर्कस्तानातल्या बायकांची पद्धत पाहून सुरू झाली आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ओनेसिमस या आफ्रिकन गुलामाने सांगितलेल्या माहितीवरून. तिथे निदान नाव तरी टिकलं.

एक मात्र खरं, कार्प्यूचं काम मी खोटं म्हणत नाही. भारतातली ही रीत कळल्यावर त्याने आधी प्रेतांवर सराव केला, दोन रुग्णांची सविस्तर नोंद १८१६ मध्ये छापली, म्हणून ते बाकीच्यांना करता आलं. इटलीतही १५९७ मध्ये दंडाची कातडी वापरून नाक करण्याची रीत छापून आली होती, ती नंतर मागे पडली. आणि ही शस्त्रक्रिया सर्रास यशस्वी होते असं पत्रात लिहिलंय, त्यावर माझा विश्वास नाही. जखम चिघळून गेलेल्यांची मोजदाद कोण ठेवत होतं?

तुमचा वाद जर 'आपल्याकडे काहीच नव्हतं' म्हणणाऱ्याशी असेल, तर त्याला तो अंक काढून दाखवा. 'सगळं ग्रंथातच होतं' म्हणणारा भेटला, तर गाल की कपाळ एवढंच विचारा. माझ्या दिरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.