बूमबॉक्स सध्या नको, पतपेढीच्या कर्जातून तर नकोच

प्रश्न, थोडक्यात: मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वय ४४, नेमणूक २००७ ची. वेतनफरकाचे १,६०,००० रुपये हातात आले आहेत. जुन्या टेपरेकॉर्डरचा संग्रह करायची फार दिवसांची इच्छा आहे. मुंबईचा एक व्यापारी जेव्हीसी आरसी-एम९० हा बूमबॉक्स, म्हणजे उचलून नेता येणारा मोठा रेडिओ-टेप, १,१०,००० ला देतो आहे. पाच वर्षांत दुप्पट होईल म्हणतो. तो घ्यावा, की इकडेच मिळणारे फिलिप्स, नॅशनल पॅनासोनिकचे चार-पाच टू-इन-वन? पैसे कमी पडले तर पतपेढीचं कर्ज काढेन. घरखर्च महिना ४२,०००, बँकेत ६०,०००, मुलगी बारावीला. वडिलांनी कानबाईच्या उत्सवात भरून ठेवलेल्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटही घरात आहेत.

सर, नमस्कार.

आधी त्या 'दुप्पट'चं बघू. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळपास १५ टक्के वाढ. एवढ्या जुन्या यंत्राच्या दुरुस्तीला १५,००० धरा. तुमची लागत झाली १,२५,०००. हीच रक्कम सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकली तर पाच वर्षांनी सुमारे १,७५,००० होते, तीही हलवाहलव न करता. म्हणजे बूमबॉक्स विकून खर्च वजा जाता हातात पावणेदोन लाख पडले तर कुठे बरोबरी. आणि घेणार कोण? या यंत्राला ना रोजचा भाव, ना ठरलेला बाजार. जळगावच्या सराफ्यात अंगठी नेली तर तासाभरात पैसे मिळतात. बूमबॉक्सला तुमच्याइतकाच हौशी माणूस सापडावा लागतो. तेव्हा हा खर्च हौशीचा आहे. हौशीवर खर्च करणं मला मुळीच गैर वाटत नाही, फक्त तो गुंतवणुकीच्या खात्यात मांडू नका.

एम९० ची कीर्ती खरी आहे. १९८१ चं हे मॉडेल जगभरचे संग्राहक मानतात. पण त्याला बॅटरीवर चालवायचं तर डी साइजचे दहा सेल लागतात आणि बिघडलं तर सुटा भाग दुसऱ्या मेलेल्या एम९० मधूनच काढावा लागतो. शिवाय त्या काळचे बूमबॉक्स वेगवेगळ्या देशांसाठी वेगळे बनत. खास जपानसाठीचा असला तर तो १०० व्होल्टचा; आपल्या २३० वर थेट लावला की जळाला. त्याचं एफएमही ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच, आणि आपली बहुतेक खासगी एफएम केंद्रं ९० च्या पुढे. निर्यातीच्या काही मॉडेलना मागे व्होल्टेज बदलायची सोय असते. व्यापाऱ्याकडून मागच्या पट्टीचा फोटो मागवा, तिथे सगळं लिहिलेलं असतं. परदेशातून परस्पर मागवायचा विचारही करू नका. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत, माल कस्टम्समध्ये अडकतो.

माझा कौल इकडच्या टेपना आहे, आणि तेही चार-पाच नव्हे, दोनच. हे सेट आपल्याकडे घरोघरी होते, कारागिरांनी ते शेकड्यांनी उघडले आहेत. धुळ्यात, भुसावळात, अमळनेरात जुना रेडिओ-टेप मेकॅनिक अजून सापडतो. त्याला सोबत न्या आणि खरेदीआधी त्याच्यासमोर सेट उघडा. आपल्याकडे असे सेट पत्र्याखालच्या माळ्यावर पडून असतात. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की आतल्या रबरी बेल्टचा डांबरासारखा चिकटा होतो. बेल्ट बदलणं स्वस्त आहे, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते सेलच्या कप्प्यातल्या हिरव्या-पांढऱ्या बुरशीला, कारण गळलेल्या सेलचा रस पट्टीवरून सर्किटपर्यंत गेलेला असू शकतो. फितीवरचा आवाज उचलणारं हेड झिजलेलं असेल तर आवाज दबका येतो. बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून दोन्ही स्पीकर ऐका. गाणं लावा, पुढे-मागे पळवा, थोडं रेकॉर्ड करून पुन्हा वाजवा. नुसता रेडिओ लागतो म्हणून 'चालू आहे' म्हणणाऱ्याला निम्मीच किंमत द्या.

वडिलांच्या कॅसेट मात्र अशा तपासणीत कधीही घालू नका. चिकट रोलरमध्ये फीत एकदा गुंडाळली गेली की संपलं. आधी दहा रुपयांची रद्दी कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजू द्या. मग दोनपैकी एक टेप हेडफोनची जागा चालू असलेला निवडा. तिथून साधी वायर जोडून गाणी संगणकावर उतरवता येतील. माझ्या मते तुमच्या या सगळ्या खरेदीतलं पहिलं काम हेच आहे.

आता पैसे. तुम्हाला जुन्या पेन्शनचा आधार नाही, आणि पुढच्या वर्षी लेक नाशिकला किंवा पुण्याला जाईल. फरकातले ९०,००० बँकेतल्या ६०,००० ला जोडा. साडेतीन महिन्यांच्या घरखर्चाची सोय झाली. ४०,००० तिच्या प्रवेश आणि वसतिगृहासाठी वेगळे ठेवा. उरलेले ३०,००० टेपचे, दुरुस्तीसकट. ते संपले की थांबायचं, एखादा सेट कितीही मोहात पाडो. हौसेसाठी पतपेढीचं कर्ज नकोच. तो हप्ता पगारातून कापला जाईल, आणि नेमका तेव्हाच लेकीच्या फीचा आकडा येईल.

एम९० मनातून जाणार नाही हे मी समजू शकते. त्यासाठी महिना १,५०० ची आवर्ती ठेव सुरू करा, बँकेत. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. तीन वर्षांत ५४,००० आणि वर व्याज जमेल. तोवर दोन टेप हाताळून तुम्हाला यंत्र ओळखता येईल, भावही अंगवळणी पडेल. घासाघीस तेव्हा करा.

कराचं एक: स्वतःच्या वापरासाठी घेतलेला असा सेट पुढे नफ्यात विकला तर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही, आणि तोट्याची वजावटही मिळत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांचा नियम वेगळा. मात्र वरचेवर घेऊन विकू लागलात तर तो धंदा धरला जाईल. सरकारी नोकरीत त्याची परवानगी लागते, तेव्हा तिकडे वळू नका.

व्यापाऱ्याला या आठवड्यात 'सध्या नको' असं स्पष्ट कळवा. बयाणा दिला असेल तर तो परत मिळण्याची अट लेखी होती का, ते मला कळवा.